मी आपली रजा घेतो

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. आमची आठवी. नव्वदच्या दशकात, रेडिओची आवाज चाचणी पास झाल्यावर, मी रोज सकाळी सातला माजघरात उभी राहून 'पुढारी' मोठ्यानं वाचायचे. अग्रलेख, बाजारभाव, निधनवार्ता, जे हाताला येईल ते. चौथ्या-पाचव्या दिवशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण गं बोलालीया? वर्गणीबिर्गणी मागायला आलीया काय कोण?"

तिनं माझा आवाज ओळखला नव्हता, आणि मला त्याचा आनंद झाला! आमच्या घरात रेडिओ म्हणजे सांगली. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माआधीपासून ती आमच्या फळीवर वाजत होती. रेडिओतली माणसं आपल्यासारखं बोलत नाहीत, हे त्या फळीखाली बसूनच डोक्यात पक्कं झालेलं. तेव्हा आईला मी परकी वाटले म्हणजे तयारी झाली, असा माझा हिशेब.

केंद्राचं नाव सांगत नाही, कारण पुढचा सगळा घोळ माझा आहे. हंगामी निवेदक म्हणून पहिली ड्युटी संध्याकाळची होती. हातात क्यू शीट, बाजूला ओळीनं लावलेल्या टेप्स, काचेपलीकडे ड्युटी ऑफिसर. लाल दिवा लागला. मी पाठ केलेलं निवेदन एका दमात, एकही शब्द न अडखळता म्हटलं. आयुष्यात इतकं सुंदर कधी बोलले नव्हते. मान वर केली तर काचेपलीकडे साहेब दोन्ही हातांनी पतंगाची ढील दिल्यासारखं काहीतरी करत होते. माईकचा फेडर मी वर केलाच नव्हता. वीसेक सेकंद सगळा जिल्हा शांतता ऐकत होता.

फेडर वर केला आणि तेच निवेदन पुन्हा म्हटलं. या खेपेला जीभ टाळूला चिकटलेली, कागद थरथरतोय, कानात स्वतःच्याच छातीचे ठोके. तसं दोन तास रेटलं. शेवटी प्रसारणाची सभा संपवायची वेळ आली. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'मी आपली रजा घेते'. सुटकेच्या आनंदात मी माईकवर म्हणाले, "मी आपली रजा घेतो."

कोल्हापूरच्या वाचकाला इथं काही समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे बायका सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. आई भाजीला निघाली की "मी आलो गं जाऊन" असंच म्हणायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण रेडिओवर? मी खुर्चीतच बसून राहिले. उद्या कुणी बोलावणार नाही, गल्लीतली पोरं 'घेतो' म्हणून हाक मारणार, हे सगळं डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

दुसऱ्या ड्युटीला गेले तेव्हा एका ज्येष्ठ निवेदिकेनं मला शेजारी बसवलं. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्या दिवशीच्या प्रसारणाचा काही भाग त्यांनी घरी कॅसेटवर धरला होता. "ऐक," म्हणाल्या. मला वाटलं होतं, छातीचे ठोकेसुद्धा त्यात ऐकू येतील. तसलं काहीच नव्हतं. एक मुलगी थोडी घाईत बोलत होती, एवढंच. भीती कुठंही ऐकू येत नव्हती. ऐकू येत होता तो चोरलेला आवाज. नाकातून काढलेला, प्रत्येक 'ण'वर उगाच दाब देणारा, कुणाचाच नसलेला. ताई म्हणाल्या, "सगळ्यात चांगलं वाक्य कुठलं, सांगू? रजा घेतो. तेवढंच तू बोललीस. बाकीचं कोण बोलत होतं?"

पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की, केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हीच गोष्ट प्रयोगानं दाखवली आहे. बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते तितकी ती ऐकणाऱ्याला जाणवत नाही, आणि एवढं आधी सांगितलं तरी माणसं चांगलं बोलतात. ताईंनी ते कॅसेटवर दाखवलं होतं.

ताईंचे बाकीचे धडे अगदी साधे होते. ड्युटीआधी दुधाचा चहा नाही, घशात चिकटा येतो. पाणी कोमट. कागदांना टाचणी नाही, सुटे ठेवायचे आणि संपलेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. श्वासाच्या जागी पेन्सिलीनं उभी रेघ. आणि ज्यानं मला खरोखर तारलं ते हे, की लाल दिव्याच्या आधी श्वास भरून घ्यायचा नाही, सोडायचा. घाबरलेला माणूस आधीच छाती भरून बसलेला असतो. वर आणखी भरला की आवाज चढतो आणि दुसऱ्याच वाक्याला दम लागतो. सगळी हवा सोडून द्या, पुढचा श्वास आपोआप पोटातून येतो.

पण हे झालं शरीराचं. मनाचा धडा मला एका पैलवानानं दिला.

शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात हजारो लोकांसमोर लढलेला गडी. मुलाखतीला आला तेव्हा फेटा, कोट, आणि कपाळावर घामाच्या धारा. खोली जेमतेम दहा बाय बारा, वर एसी. पहिल्या प्रश्नाला "व्हय". दुसऱ्याला "न्हाई". तिसऱ्याला नुसतंच माईककडं बघत राहिला. मी विचारलं, "वस्ताद, एवढ्या गर्दीत लंगोट लावून उतरलाय, इथं कशाला भ्यायचं?" तो म्हणाला, "अवो बाई, कुस्तीत म्होरं गडी असतोय. हितं कोण हाय? ह्या भोंग्याला काय सांगू?"

इतकं नेमकं निदान मी कुठल्याही कार्यशाळेत ऐकलेलं नाही. आमच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या सहकाऱ्यानं डोकं लढवलं. "राहू दे वस्ताद, आधी चहा घेऊ," म्हणत तो पैलवानाच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि आपल्या गावच्या जत्रेतल्या कुस्तीची फुशारकी मारायला लागला. पैलवानाला ते सहन होईना. "असला डाव नसतोय लेका," म्हणून त्यानं जे सुरू केलं ते पाऊण तास. शेवटी त्यानंच विचारलं, "मग मुलाखत कवा चालू करायची?" टेप पहिल्यापासून फिरत होती.

गांधीजींचं उदाहरण मला त्यामुळंच आवडतं. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्याला उलटतपासणीसाठी उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना, आणि तीस रुपये फी परत देऊन निघून आले, हे त्यांनी आत्मचरित्रातच सांगितलंय. तोच माणूस १२ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्लीच्या आकाशवाणीत माईकसमोर बसला. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांकडे जाणं जमत नव्हतं, म्हणून त्यांच्याशी बोलायला आले होते. खोली बंद होती, पण म्होरं माणसं ठरलेली होती.

भाषेचं म्हणाल, तर म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग' हा रेडिओ चालू आहे, ९०.४ वर. तिथं गावातल्या बायका माणदेशीत बोलतात. त्यांना 'ण'ची भीती घालायला कुणी जात नाही, हे त्यांचं नशीब.

आता राजारामपुरीत क्लासेसचा बाजार आहे. दुकानात रेडिओवर १०२.७ लागलेलं असतं, नाहीतर ९४.३. माझ्याकडंही चार पोरं-पोरी बोलायला शिकायला येतात. त्यांना हवाय पॉडकास्ट. गोल दिवा लावतात, एक वाक्य बोलतात, खोडतात, पुन्हा बोलतात. एका मुलीनं 'नमस्कार' सतरा वेळा घेतला, मी मोजलं. रिटेकनं आवाज सुधारतो म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सतराव्या नमस्कारात ती पोरगी उरलेलीच नव्हती. गणपती आगमनाच्या मिरवणुकीच्या दिवशी मी मुद्दाम क्लास ठेवते. मेन रोडवरच्या आवाजात खिडक्यांच्या काचा थरथरतात, रेकॉर्डिंग शक्यच नसतं. मग समोरासमोर बसवते आणि ओरडून बोलायला लावते. त्या दिवशी कुणी अडखळत नाही.

त्या 'घेतो'चं पुढं काय झालं, ते राहिलंच. आठ दिवस मी तक्रारीची वाट बघत होते. नवव्या दिवशी माझ्या नावानं एक पोस्टकार्ड आलं, गारगोटीकडच्या एका खेड्यातून. चुकीबद्दल चकार शब्द नव्हता. एका भावगीताची फर्माईश होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'संध्याकाळी भाकरी करताना मी रोज ऐकतो.' खाली नाव बाईचं होतं.