काटकसर आणि कसोटी

सेवाग्रामला गांधीजी आलेली पाकिटे उलगडून कोऱ्या बाजूवर लिहीत. मगनवाडीत कुमारप्पांनी याच काटकसरीला अर्थशास्त्राची बैठक दिली. तेव्हा उधळपट्टीचा तिटकारा वर्धा जिल्ह्याला नवा नाही. परंतु जपानच्या टोयोटा कारखान्यातून जगभर गेलेले ‘लीन’ व्यवस्थापन एखाद्या संस्थेत रुजले की नाही, हे किती कागद वाचला यावरून ठरत नाही. तेथे दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो. (मराठीत लीन म्हणजे नम्र, वरिष्ठांना हाच अर्थ जड जावा!) आपल्याकडील तपासनीस मात्र फलक आणि नोंदवह्या मोजतात. शिपायाने चूक दाखविल्यास तिचे काय होते, हे त्यांनी विचारावे. आर्वीहून दाखल्यासाठी आलेल्या शेतमजुराची बुडालेली मजुरीही त्यांच्या तक्त्यात मांडली गेली पाहिजे.