प्रश्नावलीपासून जात्यापर्यंत

१९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आज तिथे उंच इमारती आहेत आणि संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांची वस्ती आहे. तेव्हा ते साधे शेतकऱ्यांचे गाव होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी ते पिंजून काढले. कोणाची किती जमीन, किती तुकडे, किती कर्ज, घरखर्च किती, हे सारे त्यांनी नोंदवले. १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. शेतीच्या अर्थकारणावर लिहिणारे अभ्यासक हे आकडे अजूनही देतात. पुढे १९२१ साली त्यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

गावात जाऊन, माणसांना विचारून, एका गावाचे चित्र उभे करायचे, ही रीत महाराष्ट्रात रुजवण्यात मॅन यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांच्या पद्धतीत बोलायचे ते खातेदाराने. घरात दाणे किती दिवस पुरतील हे जिला नेमके ठाऊक, ती खातेदार नव्हती. त्याच सुमारास आर. ई. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरचे तीन खंड आले (१९२० ते १९२२). तिथेही माहिती मुख्यतः अंमलदारांमार्फत आणि जातीतल्या जाणत्या पुरुषांकडून जमा झाली. सरकारला जे जाणून घ्यायचे ते विचारले गेले आणि तेवढेच हाती लागले.

विचारणारा कोण आहे आणि तो कुठे बसला आहे, यावर समोरचा माणूस काय सांगतो हे ठरते. महाराष्ट्रातल्या शंभर वर्षांच्या क्षेत्रकार्याकडे मागे वळून पाहिले तर सगळ्यात मोठा बदल या जागेत झालेला दिसतो. प्रश्न नंतर सुधारले. आधी प्रश्न विचारणारा ओसरीवरून उठून आत आला.

इरावती कर्वे यांनी हा प्रवास स्वतःच्या पायांनी केला. बर्लिनहून पीएच.डी. घेऊन आलेल्या इरावतीबाई १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. माणसांची शरीरमापे घेणे हा त्यांच्या मानवशास्त्राचा तेव्हाचा मुख्य मार्ग, आणि ते काम त्यांनी पुष्कळ केले. नातेसंबंधांची माहिती गोळा करत त्या देशभर हिंडल्या. १९५३ साली त्यांचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ आला. तरीही त्यांच्यातली निरीक्षक सर्वांत जिवंत दिसते ती ‘परिपूर्ती’मधल्या (१९४९) ‘वाटचाल’ या लेखात. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या दिंडीतून पंढरपूरला चालत गेल्या. भजन एकत्र, वाट एक, पण ब्राह्मण आणि मराठा यांचा स्वयंपाक आणि जेवण वेगळे, हे त्यांनी पाहिले आणि त्याचा त्रास करून घेतला. मराठा बायांबरोबर जेवल्यावर त्यांच्याशी जवळीक वाढली, असा त्यांचा अनुभव आहे. सहभागी निरीक्षण म्हणून विद्यापीठात जे शिकवतात ते या लेखात सहज घडले आहे. दि. धों. कर्वे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये छापले गेले. वारीबद्दल लिहिणारे परदेशातले अभ्यासक आजही त्याचा उल्लेख करतात.

पुढे इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. धरण पुरे झाल्यावर विस्थापितांकडे जाऊन त्यांचे कसे चालले आहे हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती, म्हणून या पाहणीचे मोल जास्त.

ऐंशीच्या दशकात विचारणारेच बदलले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले. महाडचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा, जुलै १९४२ची नागपूरची महिला परिषद, या सगळ्यांत हजारो दलित स्त्रिया होत्या. नागपूरच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. पण आंबेडकरी चळवळीच्या छापील इतिहासात यांतल्या फार थोड्या जणींची नावे होती. पवार आणि मून यांनी या बायांचे पत्ते शोधले, त्यांच्या घरी गेल्या, त्यांना बोलते केले. लेखिका त्याच समाजातल्या आणि त्याच चळवळीच्या वारशात वाढलेल्या. त्यामुळे कोणत्या आठवणीला हात घालायचा हे त्यांना ठाऊक होते. केवळ कागदपत्रांच्या आधाराने हा इतिहास पुरा लिहिता आला नसता, कारण कागद करणाऱ्यांनी या बायांना फारसे मोजले नव्हते. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी तो इंग्रजीत नेला.

त्याच १९८९ साली गडचिरोलीहून एक वेगळा निष्कर्ष जगापुढे गेला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा त्रास होता. यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला हा लेख आकड्यांचा आहे आणि आकड्यांमुळेच तो गाजला. पण ज्या दुखण्याबद्दल बाई नवऱ्याशीही बोलत नाही, त्यासाठी एवढ्या जणी पुढे आल्या त्या आधी जुळलेल्या विश्वासामुळे. राणीताईंनी पुढे ‘कानोसा’ आणि ‘गोईण’ या पुस्तकांत बायांशी झालेला संवाद मांडला. ‘गोईण’मध्ये त्यांनी गडचिरोलीच्या बायांना झाडांबद्दल बोलते केले, आणि त्या बोलण्यातून त्यांचे आजार, औषधे, बाळंतपणे आणि सुखदुःखे आपोआप आली. दवाखाना कसा हवा हेही बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातलगांना सोबत राहता यायला हवे, असे लोक म्हणाले. म्हणून तो दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या सरळपणे अमलात आणल्याची उदाहरणे फार नाहीत.

या सगळ्या वाटचालीत सर्वांत मोठे काम झाले ते जात्यापाशी. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ हे दोघे मुळशी-मावळ भागात गरीब डोंगरी संघटनेतून काम करत होते. प्वातवाँ मूळचे फ्रान्सचे. ते १९७२ साली पुण्यात आले आणि १९७९ साली भारतीय नागरिक झाले. डोंगरातल्या बायांबरोबर काम करताना दोघांचे लक्ष ओव्यांकडे गेले. ओव्या गोळा करणे नवे नव्हते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या जमवल्या होत्या, आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे लोकगीतांचे मोठे भांडार छापले होते. तिथे ओवी आली ती लोकांचे धन म्हणून. रायरकर आणि प्वातवाँ यांनी तिच्याकडे एका बाईचे म्हणणे म्हणून पाहिले. कोणी गायली, कोणत्या गावी, हे ओवीबरोबर नोंदवले जाऊ लागले. ती बाई काय सोसते, कोणावर जीव टाकते, विठ्ठलाशी कशी भांडते, सीतेच्या वनवासात तिला स्वतःचे काय दिसते, हे ओवीतूनच समजून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले.

सासरी त्रास होतो का, या प्रश्नाला सासूच्या देखत काय उत्तर मिळणार? पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, दळण दळणारी बाई हेच स्वतःहून म्हणत होती, आणि ते ऐकणारे फक्त जाते होते. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण मराठी माणूस सवयीने वापरतो. संशोधनाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. बाईला समितीपुढे बोलावून ओवी सांगायला लावले तर दोन-चार ओळी मिळतील. जाते फिरू लागले, शेजारीण समोर बसली, एकीने ओळ टाकली आणि दुसरीने उचलली, की विसरलेलेही वर येते. म्हणून संग्राहक जात्यापाशी जाऊन बसले. त्यांत गावातलेच कार्यकर्ते होते. त्यांची बोली गाणारीची बोली होती आणि तिचा प्रदेश त्यांच्या ओळखीचा होता.

काळही निकराचा होता. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या होत्या. ज्यांच्या ओठी ओव्या होत्या त्या बाया म्हाताऱ्या होत होत्या आणि त्यांच्या सुना जात्याला हात लावत नव्हत्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक या कामात आले, तेव्हापासून पद्धतशीर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि ओव्यांची विषयवार वर्गवारी संगणकावर होऊ लागली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली दलित बायांनी भीमरायाच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या, ओव्या गायल्या, त्याही मुद्रित झाल्या. पवार आणि मून यांनी मुलाखतींतून शोधलेली निष्ठा इथे दळणाच्या लयीत ऐकू येते, आणि हे दोन्ही संग्रह एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवेत. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या.

प्वातवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१०मध्ये. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने पुढे हे काम हाती घेतले आणि मार्च २०१७पासून ओव्या सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. मॅन यांच्या पुस्तकाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. ‘पारी’च्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली, जी क्षेत्रकार्यात फार क्वचित घडते. ते त्या गावांत परत गेले. गाणाऱ्या बायांना शोधले, त्यांचे फोटो आणि त्यांची हकिगत ओवीबरोबर दिली. काही जणी तोवर हयात नव्हत्या. त्यांच्या घरच्यांकडून आठवणी घेतल्या गेल्या.

लाखभर ओव्यांपैकी आवाजासह जपलेल्या त्यामानाने थोड्या आहेत. बहुतेक ओव्या कागदावर उतरवून घेतलेल्या आहेत, त्यांची चाल मुद्रित नाही. भाषांतराचे आणि वर्गवारीचे कामही मोठे आहे. ओवीची चाल गावागणिक बदलते, त्यामुळे ज्या गावी अजून कोणी जात्याची ओवी गाते तिथे आत्ताच जाऊन बसणे निकडीचे आहे. त्यासाठी फार सामग्री लागत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होते, आणि घरातल्या आजीकडे जाण्यासाठी संशोधन संस्थेच्या परवानगीची गरज नसते, आजीच्या परवानगीची असते.