पांडेसराची रातपाळी आणि पोटातले निरोपे

नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर या पट्ट्यात ज्या गावातले कोणीच सुरतेला नाही, असे गाव सापडणे कठीण. उधना स्टेशनवर उतरायचे आणि पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत आपल्या माणसांच्या खोलीवर पोहोचायचे, हा आता पिढ्यांचा रिवाज झाला आहे. पांडेसराच्या जी.आय.डी.सी.त कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे काम रात्रंदिवस चालते. बारा-बारा तासांची पाळी असते. घरून फोन आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, 'जेवना का भाऊ?' पोरगा हो म्हणतो आणि विषय संपतो. काय जेवला, किती वाजता जेवला, किती घाईत जेवला, हे कोणी विचारत नाही. खरे तर पोट हेच विचारत असते.

पोट म्हणजे अन्न भरायची पिशवी, असा आपला समज. पण जठर आणि आतडे मिळून शरीरातला एक फार मोठा संप्रेरकांचा कारखानाही आहे. संप्रेरक म्हणजे हार्मोन, रक्तातून फिरणारा निरोप्या. आणि गंमत अशी, की माणसाने ओळखलेला पहिला हार्मोन आतड्यातच सापडला. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टारलिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याला जाणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. नसा तुटल्या तरी स्वादुपिंडातून रस पाझरू लागला! पचनाचा कारभार फक्त नसांमार्फत चालतो, असे रशियाचे पावलॉव्ह मानत होते. मग हा निरोप गेला कसा? आतड्याच्या अस्तरातून निघालेले एक द्रव्य रक्तातून गेले होते. त्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिले. 'हार्मोन' हा शब्द स्टारलिंगने १९०५ मध्ये वापरात आणला. आज डॉक्टर मधुमेहाला, थायरॉइडला जो शब्द सर्रास वापरतात, त्याचे मूळ असे आतड्यात आहे.

कावळे कोण सोडतो?

जेवणानंतर काही तासांनी रिकामे आतडे स्वतःला झाडून काढते. दीड-दोन तासांनी एकदा जठरापासून खालपर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. तिला चालना देणारा हार्मोन म्हणजे मोटिलिन. पोटात कावळे ओरडतात ते या झाडलोटीच्या वेळी. खरी भूक मात्र घ्रेलिन लावतो. तो १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कोजिमा आणि कांगावा यांना जठरात सापडला. आपण रोज ज्या वेळी जेवतो, त्या वेळेच्या आधी तो रक्तात वाढतो आणि जेवल्यावर उतरतो. म्हणजे पोटालाही घड्याळ असते. पाळी बदलली की हे घड्याळ चुकते. शरीर जुन्या वेळेला भूक मागते, कामाची सुट्टी मात्र नव्या वेळेला होते.

अन्न आत गेले की पुढची मंडळी कामाला लागतात. गॅस्ट्रिन जठरात आम्ल वाढवतो. आम्लाने भरलेला घास लहान आतड्यात उतरला की सिक्रेटिन स्वादुपिंडाकडून खारा रस मागवतो आणि आम्ल निवते. तेल-तूप दिसले की कोलेसिस्टोकायनिन पित्ताशय पिळतो, जठराला 'हळू सोड' म्हणतो आणि मेंदूला 'पुरे' असे कळवतो. शेवभाजीवरची तर्री पोटात जड का बसते, याचे उत्तर इथे आहे. आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय निघतात. तेही जठर सावकाश रिकामे करवतात आणि तृप्ती देतात. जीएलपी-१ चे आणखी एक मोठे काम आहे. रक्तात साखर वाढली असेल तेव्हा तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो. म्हणूनच तेवढीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटते आणि तोंडावाटे दिली तर जास्त.

तृप्तीचा निरोप पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे तरी लागतात. मिलमध्ये डबा संपतो पाच-सात मिनिटांत. २०१० मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी माणसांना तेवढेच आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला दिले. सावकाश खाल्ले तेव्हा पीवायवाय आणि जीएलपी-१ जास्त वाढले. घरातली वडीलधारी माणसे 'सावकाश जेव रे' म्हणतात, त्याला प्रयोगशाळेने दिलेली ही पावतीच म्हणायची.

निजेला धोंडा

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' असे आपण म्हणतो. पण पांडेसराच्या पत्र्याच्या खोलीत, भर दुपारी, उकाड्यात, शेजारच्या यंत्रांच्या आवाजात धोंड्यावरही नीज येत नाही. त्याचा हिशेब पोट ठेवते. २००४ मध्ये शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले. दहा तास झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि चरबीतून येणारा, भूक आवरणारा लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरला. त्यांना गोड, खारट आणि पिठूळ खावेसे वाटू लागले. पहाटे तीन वाजता दोन चमचे साखरेचा चहा आणि फरसाण का लागते, ते यावरून कळावे. त्याला केवळ जिभेचे चोचले म्हणणे अन्यायाचे आहे. त्यात रात्री शरीर साखर दिवसाइतकी चांगली हाताळत नाही.

'मी तर सुकडा आहे, मला कसली शुगर?' असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम ऐकावे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली माणसे बारीक दिसूनही आतून अशी असतात.

आता सगळ्यात धोक्याची बाब. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी इन्सुलिन सोडवतेच, मग तुम्ही जेवा अथवा न जेवा. गोळी घेतली, काम आले, डबा राहिला, तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि समोर फिरता रूळ किंवा वाफेचे यंत्र! ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' येते, त्या वेगळ्या चालीच्या. शरीरातला जीएलपी-१ दोन-एक मिनिटांत निम्मा होतो, त्याला मोडणाऱ्या द्रव्याला या गोळ्या अडवतात. साखर चढलेली असेल तेव्हाच त्यांचा जोर चालतो, म्हणून एकट्याने घेतल्यास साखर घसरण्याची भीती कमी. कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण आपण रातपाळी करतो, हे डॉक्टरांना सांगितले तरच ते ठरवतील ना!

जीएलपी-१ ची नक्कल करणारी इंजेक्शने सध्या वजन उतरवण्यासाठी गाजत आहेत. त्यांतले पहिले औषध अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचले आणि २००५ मध्ये तिथे मंजूर झाले. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली. औषध चांगले, पण मळमळ, उलट्या, जुलाब होतात. रंगखात्याच्या उष्णतेत घामाने आधीच पाणी गेलेल्या माणसाला ते मूत्रपिंडावर पडू शकते. औषध थांबवले की वजन बहुधा परतते. मित्राने सांगितले म्हणून टोचून घेण्याची ही वस्तू नव्हे.

डब्यात कळण्याची भाकरी असेल तर उत्तम. ज्वारी-उडदाचा कोंडा खालच्या आतड्यात जंतू आंबवतात आणि त्यातून जीएलपी-१ सुटायला मदत होते. मैद्याच्या पावाला ते जमत नाही. भाजी आणि डाळ आधी, भाकरी नंतर, असे खाल्ले तर साखर कमी चढते. रातपाळीला निघण्यापूर्वी पोटभर जेवावे आणि मध्यरात्रीनंतर हलकेच काही घ्यावे.

तीस वर्षांवरील माणसांची साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. सुटीत गावी आल्यावर एक सकाळ त्यासाठी काढावी. 'उपाशीपोटी' म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काही नाही. पाळी संपवून रात्रीच्या गाडीने थेट आला असाल, तर वाटेत घेतलेला चहासुद्धा सांगायचा.