कांडी सुकू द्या, मग लावा

तिकोणा पेठेसारख्या मावळातील गावी बांधाला वई करावयाची, तर शेराच्या किंवा निवडुंगाच्या कांड्या रोवणे हा स्वस्तातला उपाय. पण कांडी बुडाशी कुजली की आपण पावसाला दोष देतो. बहुधा दोष घाईचा असतो. या वनस्पती पाणी अंगात साठवतात. कापलेले तोंड ओले राहिले की तेथूनच बुरशी आत शिरते. म्हणून कांडी ८-१० दिवस सावलीत ठेवावी. तोंडावर खपली धरते, आणि अंगातल्या पाण्यावर कांडी तेवढे दिवस सहज तगते. मग मुरमाड जागी, उन्हाळ्यातच लावावी, म्हणजे मावळचा धोधो पाऊस लागण्यापूर्वी मुळे धरतात. पानफुटी मूळची मादागास्करची. तिचे नुसते पान मातीवर टाकले तरी कडेच्या खाचांतून रोपे फुटतात.

चिकाचे मात्र थांबून सांगितले पाहिजे. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते, दृष्टीही अधू होऊ शकते. आणि कांड्या तोडणारा बहुधा रोजंदारीवरचा गडी! त्याला चष्मा व हातमोजे देणे हे मालकाचे काम. देत नसेल तर मागून घ्यावे. चीक उडालाच तर डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.