शिंपल्यांविना चुनखडक

चुनखडक कसा तयार होतो, याचे ठरलेले उत्तर असे, की समुद्रातले जीव मेले, त्यांचे शंखशिंपले तळाशी साचले आणि दाबाखाली त्यांचा दगड झाला. पोरबंदरचा दगड भिंगाखाली धरला तर हे पटते. त्यात मिलिओलिड या सूक्ष्मजीवांची कवचे दिसतात. मिलिओलाइट हे त्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. मात्र हेच उत्तर घेऊन वणी-राजुरा पट्ट्यात गेले, की ते अपुरे पडते. सिमेंटसाठी खणला जाणारा तिथला पैनगंगा गटाचा चुनखडक निदान ७५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि कवचधारी प्राण्यांची रेलचेल झाली ती सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. कोणी म्हणेल, शिंपले असतीलही, उष्णतेने आणि दाबाने पुसले गेले असतील. संगमरवरात तसे होते खरे. पण इथे अतिशय बारीक कणांच्या चिखलाचे पातळ थर अजून शाबूत आहेत. शिंपले नाहीसे करणाऱ्या उष्णतेतून हे थर वाचले नसते. मग चुना आला कुठून? पाण्यातून. पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो तोवर चुना विरघळलेला राहतो. पाणी तापले किंवा प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो वायू ओढून घेतला, की चुना बारीक कणांनी तळाशी बसतो. कवचाची गरजच नाही.

समुद्राची तरी आहे का? दख्खनच्या काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे पाहावेत. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसाल्टमधले कॅल्शियम सोडवते आणि उन्हाळ्यात ओल उडाली, की तोच चुना गोळ्यांच्या रूपाने जमतो. हे फुटकळ खडे, यांना खडक कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जबलपूरच्या लमेटा थरांत आहे. तिथला चुनखडक बराचसा अशाच प्राचीन मातीत घट्ट होत गेला आणि त्यात डायनोसॉरची अंडी सापडली आहेत. डायनोसॉर अंडी घालत ते जमिनीवर. तिथे समुद्राचा तळ असता तर ही घरटी झालीच नसती.

लिंबाचा रस टाकला तर शिंपल्याचा, पैनगंगेचा आणि शेतातला, तिन्ही चुने सारखेच फेसाळतात, म्हणून त्यांचा जन्मही एकच मानला गेला. शाळेच्या पुस्तकात शिंपल्यांच्या त्या वाक्याशेजारी वणीच्या खडकाला आणि शेतातल्या खड्यालाही जागा मिळायला हवी.