सर्व्हर, दिवा आणि न दिसलेला घडा

मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धी या प्रमाणाची ओळख करून घेतली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अभाव जाणण्याचं हे स्वतंत्र साधन मानतात, नैयायिक मानत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवू. त्यातली एक अट मात्र घेऊ, कारण घरच्या संगणकावर वेब सर्व्हर उभा करणाऱ्याला ती रोज लागते.

जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? असता तर दिसला असता, म्हणून. पण खोलीत अंधार असेल, तर ‘दिसला नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. आधी दिवा लागलेला हवा. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता समजा, आपण एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीचं संकेतस्थळ तयार करतो आहोत. विंडोजवर झॅम्प बसवलं आहे. त्यात अपाची हा सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतात. हजारो पुस्तकांच्या नोंदी हाताने टाईप करून झाल्या आहेत. आणि एका सकाळी पान उघडायला जावं तर समोर येतं ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. लगेच कोणीतरी सल्ला देतं, सगळं काढून टाका आणि नव्याने बसवा. थांबा! त्या नोंदी झॅम्पच्याच फोल्डरात, डेटाबेसच्या ‘डेटा’ नावाच्या उपफोल्डरात असतात. झॅम्प काढताना त्याही जाऊ शकतात. म्हणून पहिलं काम एकच: सर्व्हर आणि डेटाबेस बंद करायचे आणि तो ‘डेटा’ फोल्डर, तसंच आपली पानं असलेला ‘एचटीडॉक्स’ फोल्डर, दोन्हींची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवायची. मग दोन्ही पुन्हा सुरू करायचे आणि विचाराला बसायचं.

विचार कशाचा? ‘चालत नाही’ या दोन शब्दांत चार-पाच वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. ब्राउझरची विनंती एका वाटेने जाते. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, हा आपलाच संगणक. त्याला पोर्ट नावाचे क्रमांकित दरवाजे असतात. आपण क्रमांक लिहिला नाही, तर ब्राउझर साध्या एचटीटीपी पत्त्यासाठी ८० नंबरचा दरवाजा ठोठावतो. दरवाज्यामागे सर्व्हर, सर्व्हरपुढे फोल्डर, मग पीएचपी, मग डेटाबेस. दरवाज्यामागे कोणीच नसेल, तर कनेक्शन नाकारल्याचा संदेश येतो. ४०३ म्हणजे सर्व्हर भेटला, पण परवानगी नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी मोडलं, बहुधा प्रोग्राम किंवा एखादी सेटिंग. आणि पानाऐवजी पीएचपीचा कोडच दिसला, तर वर पत्ता बघा. तो ‘फाइल’ शब्दाने सुरू होत असेल, तर फाइलवर डबल-क्लिक केलेलं आहे आणि विनंती सर्व्हरकडे गेलेलीच नाही.

आपल्याला ४०४ मिळालं. म्हणजे कोणीतरी उत्तर दिलं, एवढं नक्की. फोल्डर उघडून पाहिलं तर फाइल जागेवर आहे, नावही बरोबर आहे. मग?

इथे दिवा लावायचा. अपाची आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ ‘ॲक्सेस लॉग’मध्ये लिहितो. झॅम्पच्या पॅनेलवर ‘लॉग्ज’ बटण आहे, तिथून ती फाइल उघडते. आपलं पान पुन्हा मागवलं, पण नवी ओळ आली नाही. मात्र एवढ्यावर निष्कर्ष नको. कदाचित आपण भलत्याच लॉगमध्ये बघत असू. कदाचित ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत दाखवली असेल. त्यासाठी कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबून पान ताजं मागवायचं. मग पॅनेलवर अपाचीसमोर लिहिलेला पोर्ट पाहायचा. तिथे ८०८० दिसतो! आता लोकलहोस्टपुढे अपूर्णविराम (:) देऊन ८०८० लिहू आणि तेच पान मागवू. पान उघडतं, आणि लॉगमध्ये ओळही उमटते. म्हणजे दिवा लागलेला आहे. या खोलीत घडा आला की दिसतो. त्यामुळे मघाची विनंती अपाचीपर्यंत आलीच नव्हती, हे आता आपल्याला ‘माहीत’ झालं. आधी तो फक्त अंदाज होता.

मग ४०४ कोणी दिलं? पॅनेलवरच ‘नेटस्टॅट’ बटण आहे. कोणत्या दरवाज्यावर कोण बसलंय याची यादी त्यात मिळते. ८० समोर क्रमांक ४ आणि ‘सिस्टिम’ असं नाव दिसलं, तर बहुधा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, आयआयएस, चालू असतो. ८० अडलेला म्हणून अपाची कधीतरी ८०८० वर हलवलेला आणि पत्ता मात्र जुनाच लिहिला जातोय, अशी ही गोष्ट. ‘सिस्टिम’ बंद पाडायला जाऊ नका, तो विंडोजचा गाभा आहे. एक तर पत्त्यात ८०८० लिहीत जा, नाहीतर सर्व्हिसेसच्या यादीतली ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ थांबवा आणि अपाचीच्या सेटिंगमधल्या ‘लिसन’ या ओळीत पुन्हा ८० करा.

पण दोन्ही एकदम करू नका. अन्वय-व्यतिरेक आठवतो ना? एक असताना दुसरं असतं, ते नसताना नसतं, तेव्हा कार्यकारणाचा संबंध जुळतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच्याच जवळच्या पद्धती मांडल्या. तीन सेटिंग एकदम बदलल्या आणि पान उघडलं, तर काम होतं पण कारण कळत नाही. पुढच्या वेळी आपण पुन्हा अंधारात. एक बदल, अपाची बंद करून पुन्हा सुरू, एक तपासणी, आणि वहीत एक ओळ.

अपाची ८० वर सुरूच झाला नसता तर काय केलं असतं, हे तुम्हीच सांगा. कुठला लॉग उघडाल? ॲक्सेस लॉगमध्ये काही मिळणार नाही, कारण लिहिणाराच जागा नाही. तिथे ‘एरर लॉग’ बघायचा, आणि सोबत नेटस्टॅट. आता तुमचे प्रश्न घेऊ.