बारा अक्षरांची पाटी

आश्विनातलं नवरात्र जवळ आलं की धाराशिव जिल्ह्यातल्या साउंडवाल्यांच्या तारखा भराभर लागतात. तुळजापूर ही देवीची जागा, त्यामुळे आसपासच्या गावांत आराधी मंडळांची गाणी, गोंधळ, कीर्तन आणि मधूनच एखादा ऑर्केस्ट्रा अशी रेलचेल असते. एकाच स्टेजवर एका संध्याकाळी दोन-तीन वेगवेगळे मेळ चढतात आणि उतरतात. वेळ मात्र मोजकी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. बारापर्यंतची सवलत राज्य सरकार ठरवेल त्याच दिवशी, आणि तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. म्हणून एक मेळ उतरून दुसरा बसेपर्यंत ऑपरेटरला जी चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात ‘संबळाचा माईक कुठल्या फेडरवर घेतलाय रे?’ हे विचारत बसायला सवड नसते. त्याचं उत्तर समोरच्या मिक्सरवर लिहिलेलं असावं लागतं.

गावात आहुजा कंपनीचा अँप्लिफायर आणि झाडाला बांधलेला भोंगा होता, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. माईकची दोन-चार बटणं, एक टेपरेकॉर्डरचं. कुणाचं बटण कुठलं, हे मशीनवाल्याच्या तोंडपाठ असे. पुढे सोळा, चोवीस चॅनेलचे अ‍ॅनालॉग मिक्सर आले आणि फेडरांच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्यांच्या, खाली पांढरी चिकटपट्टी लागली. तिच्यावर मार्करने ‘पेटी’, ‘ढोलकी’, ‘निवेदक’ असं लिहायचं, कार्यक्रम संपला की पट्टी ओढून काढायची. त्या मिक्सरवर पाचव्या सॉकेटात खुपसलेली वायर पाचव्याच फेडरवर येई. वायर बरोबर असली तर पट्टी खोटं बोलू शकत नव्हती.

डिजिटल मिक्सरने हे सरळ नातं तोडलं.

बेहरिंजरचा एक्स-३२ हा मिक्सर २०१२ साली बाजारात आला आणि एरवी मोठ्या कंपन्यांकडेच दिसणारं हे तंत्र लहान साउंडवाल्यांच्या आवाक्यात आलं. त्यात ३२ माईक लागतात, पण फेडर मोजले तर २५ भरतात: डावीकडे १६, उजवीकडे ८ आणि शेवटचा मुख्य आवाजाचा. म्हणजे ३२ माईक १६ फेडरांवर दोन थरांत बसवलेले. ऑपरेटर त्या थरांना ‘लेयर’ म्हणतात. बटण दाबलं की फेडर मोटरवर आपोआप सरकतात आणि जो फेडर आत्ता तिसऱ्या चॅनेलवरच्या गायकाचा होता, तो एकोणिसाव्या चॅनेलचा होतो; तिथे कदाचित लॅपटॉपवरचं गाणं असेल. बोट त्याच जागी, पण आवाज दुसराच. चिकटपट्टी इथे कामाची नाही, कारण तिला लेयर बदललेला कळत नाही.

म्हणून प्रत्येक फेडरच्या वर एक छोटा पडदा असतो. त्यावर चॅनेलचा नंबर, एक चित्र आणि नाव दिसतं. मागचा प्रकाश लाल, हिरवा, पिवळा, निळा असा बदलता येतो. लेयर बदलला की पडद्यावरचं नावही बदलतं. नाव बारा अक्षरांत बसवायचं, आणि तेही रोमन लिपीत. यामाहाच्या सीएल मालिकेतल्या मिक्सरांवर तर आठच अक्षरं मिळतात. ‘पखवाज’ रोमनमध्ये बरोबर आठ अक्षरांचा होतो, म्हणून तो कसाबसा मावतो. ‘हार्मोनियम’ नऊ अक्षरांचं, ते कापलं जातं. चार अक्षरांची ‘पेटी’ दोन्हीकडे आरामात बसते आणि स्टेजवरचा प्रत्येक जण तिला पेटीच म्हणतो. नाव निवडताना हाच नियम चांगला: स्टेजवरून ओरडून सांगताना जो शब्द येईल तोच पडद्यावर असावा.

गोंधळाचं उदाहरण घेऊ, कारण या जिल्ह्यात ते सोडून चालणार नाही आणि मिक्सर बनवणाऱ्यांनी ते कधी डोळ्यांपुढे ठेवलेलं नाही. तयार चित्रांत ड्रम, गिटार, कीबोर्ड सापडतात. संबळ, तुणतुणं, वीणा नाही. बाहेरच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या चॅनेलवर ड्रमसेटचा मोठा ढोल, मग बाकीचे ड्रम, बेस, गिटार आणि गायक सर्वांत शेवटी येतात. काही ऑपरेटर हीच ओळ गोंधळालाही लावतात. ते चुकीचं आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. गोंधळ हा आधी शब्दांचा खेळ आहे. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, साथीदार त्याला प्रश्न विचारतो, ओढून धरतो, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून कथा पुढे जाते. पहिला फेडर मुख्य गोंधळ्याचा, दुसरा साथीदाराचा, तिसरा झिलकऱ्यांचा, अशी ओळ लावली तर ऑपरेटरचा डावा हात कथेवर राहतो.

त्यानंतर लगेच संबळ. संबळाची भांडी दोन, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला. ती कमरेला बांधून उभ्याने वाजवतात आणि वाजवणारा एका जागी थांबत नाही. स्टँडवरचा माईक तिथे निरुपयोगी. भांड्यांना लावायचे छोटे क्लिप माईक लागतात, दोन भांड्यांना दोन. पडद्यावर नुसतं ‘संबळ १’, ‘संबळ २’ लिहिलं तर घाईत कुठला कुठला ते कळत नाही. ‘संबळ बारीक’ आणि ‘संबळ जाड’ लिहिलं की कळतं. शिवाय संबळ गायकाच्या शेजारीच कडाडत असतो, त्यामुळे तो गायकाच्या माईकमध्येही शिरतो. संबळ जास्त वाटला की ऑपरेटर त्याचा फेडर खाली ओढतो, आणि तरीही तो कमी होत नाही, कारण तो गायकाच्या माईकमधून येत असतो. हे फेडर एकमेकांशेजारी असले तर दोन्हींचे मीटर एका नजरेत दिसतात आणि खरा उगम सापडतो. तुणतुणं आणि झांज त्यांच्या पुढे. तुणतुण्याचा आवाज बारीक, पण तो गेला की गोंधळाचा सूरच जातो. त्याला वेगळा रंग द्यावा म्हणजे तो नजरेतून सुटत नाही.

कीर्तनाची मांडणी वेगळी. तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेत, चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास, किंवा कुठल्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात कीर्तनकार मधे, पखवाज आणि पेटी बाजूला, मागे टाळकऱ्यांच्या ओळी. पखवाजाला दोन माईक लावले तर एक शाईच्या बाजूला, एक कणीक लावलेल्या बाजूला. पडद्यावर नुसतं ‘शाई’ आणि ‘कणीक’. टाळकऱ्यांचे दोन माईक आणि गायनाचार्यांचे दोन. यांत डावं-उजवं कुणाच्या बाजूने, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. स्टेजवर बसलेल्याचा डावा हात म्हणजे ऑपरेटरचा उजवा. श्रोत्यांच्या बाजूने बघायचं ठरवलं तर सगळीकडे तेच पाळावं.

नावं लिहून झाली म्हणजे काम झालं असं नाही. नाव बरोबर आहे की नाही हे तपासायला लाइन चेक लागतो: एक जण स्टेजवर एकेका माईकशी जाऊन बोलतो, दुसरा मिक्सरवर तोच फेडर हलतोय का ते बघतो. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं-पक्कं मडकं पारखलं, अशी कथा सांगतात. साउंडवाल्यालाही एकेक माईक असाच पारखावा लागतो, कुणाला वगळून चालत नाही. डिजिटलमध्ये याची गरज जास्त आहे, कारण स्टेजबॉक्सचं, म्हणजे स्टेजवर माईकच्या वायरी लावायच्या डब्याचं, कुठलंही सॉकेट कुठल्याही फेडरवर फिरवता येतं. एस-१६ या स्टेजबॉक्सला १६ माईक लागतात आणि त्याची नेटवर्कसारखी एकच केबल १०० मीटरपर्यंत जाते. स्टेजवरच्या पोराने सातच्या जागी आठव्या सॉकेटात वायर खुपसली तर मिक्सरवर ‘वीणा’ लिहिलेल्या फेडरवर टाळ वाजू लागतात, आणि पडदा मात्र ‘वीणा’च दाखवत राहतो. यासाठी यादीची एक छापील प्रत स्टेजबॉक्सच्या झाकणात असावी. २०१९ साली आलेल्या बेहरिंजर विंगमध्ये नाव आणि रंग थेट सॉकेटलाच देता येतो. तो माईक कुठल्याही चॅनेलवर नेला तरी नाव त्याच्यासोबत जातं. ही फार मोठी सुधारणा आहे. तरी वायर चुकीच्या सॉकेटात गेली तर हा उपायही थिटा पडतो.

भाषणांच्या कार्यक्रमांत नावांचं महत्त्व वेगळ्या कारणाने वाढतं. धाराशिव शहराने एप्रिल २०१७ मध्ये ९७वं नाट्यसंमेलन भरवलं, अध्यक्ष जयंत सावरकर. जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन भरवलं, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. अशा व्यासपीठावर परिसंवाद असतो तेव्हा पोडियम, सूत्रसंचालक, अध्यक्ष आणि ओळीने बसलेले वक्ते असे सात-आठ माईक समोर असतात. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्याआधीची गुंजाइश साधारण ३ डेसिबलने घटते. म्हणून बोलणाऱ्याचा माईक उघडा आणि बाकीचे बंद, हे सतत करावं लागतं. इथे वक्त्यांची नावं लिहू नयेत. वक्ते ऐनवेळी जागा बदलतात, कुणी येतच नाही. ‘खुर्ची १’, ‘खुर्ची २’ असं लिहिलं तर माणूस बदलला तरी पाटी खरी राहते.

एक्स-३२ वर आठ डीसीए आहेत. डीसीएतून आवाज जात नाही. त्याच्याशी जोडलेल्या चॅनेलांची पातळी तो एकदम वर-खाली करतो. टाळकरी, गायक, पखवाज-पेटी असे तीन-चार डीसीए नाव देऊन उजव्या हाताला ठेवले की कीर्तनाच्या शेवटच्या गजरात, टाळ चढत जातात तेव्हा, एका बोटाने तोल सांभाळता येतो. त्यांनाही चॅनेलांचेच रंग द्यावेत. रंग मोजकेच वापरावेत: आवाजांना एक, तालवाद्यांना दुसरा, सुरांच्या वाद्यांना तिसरा, निवेदकाला चौथा. फार रंग झाले की डोळा पुन्हा नावच वाचू लागतो.

आणि जतन करणं. ग्रामीण भागात वीज जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो, आणि जतन न केलेले बदल हरवू शकतात. एक्स-३२ च्या आत १०० सीन, म्हणजे मिक्सरच्या जतन केलेल्या मांडण्या, साठवता येतात, पेनड्राइव्हवरही घेता येतात. गोंधळाचा एक, कीर्तनाचा एक, परिसंवादाचा एक असे कोरे सीन नावं, रंग आणि डीसीएसह तयार असतील तर मेळ बदलताना एक बटण पुरतं. नेहमीचा ऑपरेटर आजारी पडून दुसरा आला, तरी त्याला सगळं समोर वाचता येतं.

जिल्ह्यातल्या साउंडवाल्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे: येत्या घटस्थापनेच्या आधी एक दुपार काढा, गोदामातच मिक्सर लावा, आपल्या भागातल्या गोंधळी आणि भजनी मंडळींना बोलावून त्यांच्या वाद्यांची ओळ ठरवा, ती सीनमध्ये जतन करा, आणि तिची एक प्रत शेजारच्या तालुक्यातल्या साउंडवाल्यालाही द्या.